झोका जिरवणारे काका

खोली दाखवताना घरमालक पाण्याची वेळ सांगतात, गाडी कुठे लावायची ते सांगतात, पाहुण्यांचे नियम सांगतात. दिघीतल्या माझ्या घरमालकांनी यातलं काहीच सांगितलं नाही. गॅलरीतल्या दोन खिळ्यांकडे बोट करून म्हणाले, "हितं काय बी टांगा. पर हलतं ठेवायचं न्हाई."

"हलतं म्हणजे?"

"म्हंजी झुलतं. कुंडी टांगली तर खालनं तारंनं बांधायची. आमच्या घरात झुलत न्हाई काय."

मला वाटलं वास्तुशास्त्राचं खूळ असेल. हल्ली कुणाचं काय निघेल सांगता येत नाही. तेवढ्यात ते खाली जाऊन चहा घेऊन आले. कप काठोकाठ भरलेला, बशी नाही, जिना अरुंद, आणि थेंब सांडलेला नाही. कप माझ्या हातात देत म्हणाले, "सावकास. हात न्हाई, आदी पाय थांबवा." मी कप घेतला आणि अर्धा चहा ओढणीवर घेतला. त्यांच्या नजरेनं मी तिथेच नापास झाले.

तीन वर्षं राहिले मी तिथे. ऑफिस माण गावात, पण आठवड्यातून दोनच दिवस जायचं, बाकी दिवस खोलीत लॅपटॉप. त्यामुळे घरमालक हा प्राणी मला हवा त्यापेक्षा जास्त जवळून बघायला मिळाला. त्यांच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरला चारही कोपऱ्यांत टाचण्या होत्या. स्कूटरच्या हुकाला दुधाची पिशवी लावली की वरून रबर. देवळात घंटा वाजवायचे आणि लगेच हात वर करून तिचा लोलक धरायचे. ती पूर्ण गप्प झाल्याशिवाय हात जोडायचे नाहीत. मागे रांग लागली तरी नाही. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "देव कुटं पळून चाललाय?" काकूंनी लग्नातले झुबे तिसऱ्याच वर्षी मोडून कुड्या केल्या होत्या. "जेवाय बसलं की माझ्या तोंडाकडं न्हाई, कानाकडं बघायचे," काकू म्हणायच्या. "घास उतरायचा न्हाई बाई."

त्याचं कारण मला महिनाभरानं कळलं. काका क्रेनवर होते. भोसरीच्या एका ओतकामाच्या कारखान्यात एकतीस वर्षं. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. छपराखाली दोन रुळांवर चालणारी, पोटाशी काचेची केबिन लटकवलेली, आणि आकड्याला वितळलेल्या लोखंडाची बादली. खाली माणसं काम करताहेत आणि त्यांच्या आसपासनं ही बादली भट्टीपासून साच्यापर्यंत न्यायची.

आता गंमत अशी, की क्रेन थांबवली म्हणून बादली थांबत नाही. ती पुढे जाते. नवा माणूस घाबरून क्रेन मागे ओढतो, की बादली दुप्पट झुलते. जुना माणूस उलटं करतो. बादली पुढे निघाली की तोही तिच्यामागे क्रेन पुढे नेतो, आणि ती टोकाला पोचते त्या क्षणी बरोबर तिच्या डोक्यावर जाऊन थांबतो. मग तिला परत यायला कारणच उरत नाही. गप्प उभी राहते. याला काका 'झोका जिरवणे' म्हणत. जिरवणे हा शब्द ते इतक्या समाधानानं उच्चारायचे, की बादलीनं यांचं काही वाकडं केलं होतं की काय असं वाटावं.

"टोकाला धरायचं," ते मला सांगायचे. मला या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता, पण त्यांना त्याचं काही नसे. "आदी न्हाई, मागनं न्हाई. टोकाला. तितं दम धरला त्यो ऑपरेटर. बाकीचे समदे हमाल."

तर असा माणूस एक दिवस दुपारी मोटर जळल्याचं सांगायला वर आला. मी जेवता जेवता मोबाइलवर खेळत होते. अडथळ्यांच्या शर्यतीचा गेम. जगभरातली पोरंटोरं एकाच वेळी पळत असतात. हवेत तरंगणारे ठोकळे, फिरती चाकं, खाली लाव्हा. एका टप्प्यावर सात दोऱ्या टांगलेल्या आहेत. बटण दाबून दोरी धरायची, अंगठा डावी-उजवीकडे सरकवत झोका वाढवायचा, वेग आला की बटण सोडून पुढची दोरी गाठायची. पडलं की टप्पा पुन्हा पहिल्यापासून.

काका मोटर विसरले. "अवो मॅडम, ह्यो मानूस झुलतोय की!"

"हो ना."

"आना हिकडं."

फोन घेतला. दोन मिनिटं बटणं समजून घेतली. तिसऱ्या मिनिटाला माझा बाहुला दोरीला असा सरळ लटकला, की गवंड्याचा ओळंबा. फोन परत देत म्हणाले, "हं. जिरला."

"काका, यात झुलायचंच असतं."

"कशापाई?"

"पुढच्या दोरीवर उडी मारायला."

"मग दोरीच फुडं न्यायची."

"दोरी जागची हलत नाही. वर क्रेन नाहीये."

"क्रेन न्हाई," ते म्हणाले. त्या सुरात त्या गेमबद्दल जितकी कीव होती तितकी मी आजवर कुणाबद्दल ऐकलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वतःचा फोन घेऊन हजर. "त्ये टाकून द्या ह्यात."

दिलं टाकून. मी टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, पण अशी चूक मी कुठे पाहिली नव्हती. बाकी खेळणारे दोरीवरून पडतात ते झोका आवरत नाही म्हणून. काका पडतच नव्हते. दोरी धरायचे, थोडा झोका बसला की अंगठा आपोआप उलटा जायचा आणि बाहुला निश्चल. पाच-पाच मिनिटं निश्चल. आजूबाजूनं पोरं उड्या मारत निघून जायची. एकदा कुणीतरी इंग्रजीत लिहिलं, हा माणूस आहे की मशीन? मी वाचून दाखवलं. काका खूश झाले, म्हणाले, "साहेबबी हेच म्हनायचे."

मला वाटलं चार दिवसांत सोडतील. सोडेनात. मग एक दिवस भाजी निवडताना काकूंनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्या घरात कुणी विचारायची वाट बघत नसे.

शेजारचं घर काकांच्या धाकट्या भावाचं. मध्ये कमरेएवढी भिंत. दोघं भाऊ एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला. काका वर केबिनमध्ये, धाकटे खाली खुणा करायला. भट्टीच्या धुरात वरून बादली दिसायची नाही, बाजूला उभ्या असलेल्या धाकट्यांचा हात तेवढा दिसायचा. त्या हातावर काका बादली न्यायचे. "ह्येंची नजर त्योच व्हता," काकू म्हणाल्या.

मग मागच्या दोन गुंठ्यांचं भांडण झालं. धाकट्यांनी मोठ्याला न विचारता एका बिल्डरला होकार दिला. काकांना ते चावडीपुढे, चार लोकांच्या तोंडून कळलं. आणि तिथेच, त्याच चार लोकांदेखत काका म्हणाले, "आजपासनं माजा भाऊ मेला."

बिल्डर पुढे फिरकलाच नाही. तुकडा तसाच पडून आहे, त्यात शेवगा उगवलाय. पण शब्द गेला तो गेला. धाकट्यांनी तो अक्षरशः धरून ठेवला. "मेलेला मानूस आदी कसा बोलंल?" असं ते बायकोला म्हणाले, तिनं जावेला, म्हणजे काकूंना सांगितलं, काकूंनी काकांना. जावाजावांचं काही बिघडलंच नव्हतं, भिंतीवरून वाट्या अखंड चालू होत्या. अकरा वर्षं झाली होती.

यातली पहिली चार वर्षं दोघं नोकरीत होते. म्हणजे चार वर्षं, रोज आठ तास, हे दोघे एक शब्द न बोलता माणसांच्या आसपासनं उकळतं लोखंड नेत होते. कुणाला पत्ता लागला नाही. शेडमध्ये आवाजच एवढा, की बोलतं कोण? उलट कंपनीनं एका वर्षी दोघांना उत्तम समन्वयाची ढाल दिली. स्टेजवर दोघं ढालीच्या दोन बाजू धरून उभे, फोटोत एक पूर्वेला बघतोय, एक पश्चिमेला. ढाल कुणी घरी न्यायची हे ठरवायला बोलावं लागलं असतं, म्हणून ती कँटीनमध्येच राहिली. मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"आता दसरा झाला की जात्यात ती," त्या म्हणाल्या. "लेकानं तळेगावात फ्लॅट घेतलाय. घर इकलं. एकदा गेली म्हंजी मयतीलाच भेटायचं बघ. आन् तवा दोघातला एक नसंल ऐकाया." निवडलेली मेथी त्यांनी पुन्हा निवडायला घेतली. "म्या ह्येंना म्हनलं, एक शबुद बोला. जेवलास का म्हना. कायबी म्हना."

"मग?"

"त्येला तोंड हाय म्हनले."

तोंड सगळ्यांनाच होतं. पण पहिला शब्द कोण देणं लागतो हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं, आणि काकांनाही.

मी भाडेकरू. मला यात पडायचं नव्हतं, आणि मी पडलेही नाही. एवढंच, की नंतर काका दोरीवर लटकलेले दिसले की मला पूर्वीसारखं हसू येईना, उलट राग यायला लागला. सात दोऱ्यांच्या एका खेळण्यावर हा माणूस दिवसचे दिवस घालवतोय, आणि तेरा पावलांवरचं दार उघडत नाही! एकदा तर मी म्हणालेसुद्धा, "काका, तुम्हाला दुसरं काही काम नाही का?" ते म्हणाले, "हाय की. पर ह्ये सोपं हाय."

झोका वाढवायला शिकायला त्यांना पावसाळा गेला. अंगठ्याला उलटं वळण लावायचं होतं. त्यासाठी त्यांनी पडवीत दोरीला खरा ओळंबा टांगला आणि बोटानं झुलवत बसायला लागले. ज्या घरात चाळीस वर्षं कॅलेंडर हललं नाही त्या घरात भर दिवसा एक वस्तू झुलत होती आणि मालक तिच्यापुढे पाट टाकून बसले होते. काकूंनी आधी हात जोडले, मग कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, "पोरी, तुझ्या त्या मोबाइलनं याड लावलं गं माझ्या मानसाला."

पण एक दोरी जमली. मग दुसरी. सहाव्यापर्यंत गेले. सहावीवरून सातवी लांब होती, तिथे पुरता वेग लागायचा, चूक खपत नसे. रोज तिथे पडायचे. झोका उत्तम घ्यायचे, माझ्यापेक्षा देखणा, एका लयीत, मोठा मोठा होत गेलेला. आणि नेमकं पार वरच्या टोकाला जाऊन बटण सोडायचे. बाहुला क्षणभर हवेत उभा राहायचा आणि सरळ खाली लाव्हात.

शेवटी मला राहवलं नाही. "काका, टोकाला काय सोडताय? टोकाला वेग संपलेला असतो."

"टोकालाच तर धरायचं असतंय."

"धरायचं असेल तर. सोडायचं असेल तर टोकाला जायच्या आधी. वर चढत असताना, अंगात जोर असताना."

ते फोनकडे बघत राहिले. "टोकाला गेल्यावं न्हाई जमत?"

"नाही. टोकाला गेल्यावर सोडलं की सरळ खाली."

"मंग टोकाला गेलंच तर काय करायचं?"

"तर सोडायचंच नाही, काका. धरून ठेवायचं. दोरी मागे येते, पुन्हा पुढे जाते. पुढच्या झोक्याला सोडा."

"फुडला झोका येतो?"

"दोरी आहे ती. येणारच."

मी गेमबद्दल बोलत होते, शपथेवर सांगते. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, खोकला आला असेल. मी अशी हुशार.

दसरा झाला. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी शेजारी टेंपो लागला. धाकट्यांचा मुलगा आणि दोन हमाल सामान काढत होते. कपाटं, पिठाची चक्की, कूलर, भांड्यांच्या गोण्या. काकू पहाटेपासून तिकडेच, जावेबरोबर बोचकी बांधत. मलाही हाक मारली, म्हणून मी त्या अंगणात एका गोणीचं तोंड धरून उभी होते. कान लावून ऐकायला गेले नव्हते, एवढं लक्षात घ्या.

काका भिंतीपलीकडे आपल्या पडवीत फोन घेऊन बसलेले. मान वर नाही. लाव्हात पडलं की तो गेम एक आवाज करतो, चुर्र असा, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तो दर मिनिटाला भिंतीवरून ऐकू येत होता. कपाट चढलं, चुर्र. चक्की चढली, चुर्र. धाकटे अंगणात गादीच्या वळकटीवर बसून होते. उंच, हडकुळे, हात मांडीवर ठेवलेले. त्यांच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. काकू एका बोचक्याला चौथी गाठ मारत होत्या, ज्याला तीनही पुरल्या असत्या. मला त्या क्षणी काकांचा इतका संताप आला, की गोणी टाकून भिंतीवरून त्यांचा तो फोन ओढून घ्यावा असं वाटलं.

आवाज थांबला. मी वळून बघितलं तर पडवी रिकामी.

ते फाटकातून आले. भिंत कमरेएवढी होती, पण ते रस्त्यानं फिरून, फाटकाची कडी काढून आले. पायात चपला होत्या, त्या त्यांनी अंगणाच्या कडेला काढल्या. हमालांनी कूलर खाली ठेवला, त्यांनाही काहीतरी कळलं असावं. काका सरळ आले आणि वळकटीवर धाकट्यांच्या शेजारी बसले. धाकट्यांकडे बघितलंही नाही. फोन दोघांच्या मध्ये धरला आणि खेळायला लागले.

पहिली दोरी, दुसरी, तिसरी. धाकट्यांनी आधी समोर टेंपोकडे बघितलं. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून फोनकडे. चौथ्या दोरीला त्यांची मान वळली. सहाव्या दोरीवर काकांनी झोका घेतला, मोठा केला, आणखी मोठा केला, टोकाला नेऊन सोडला. चुर्र.

काकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सहावी दोरी. झोका. टोक. चुर्र.

तिसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा धाकटे बोलले. आवाज घोगरा निघाला, त्यांनी तो खाकरून साफ केला आणि पुन्हा बोलले.

"उशिरा सोडतोयस."

काकूंच्या हातातलं बोचकं सुटलं. जाऊबाई दारात थबकल्या.

काका म्हणाले, "तू सांगत न्हाईस ना आता."

"तू इचारतोस कुटं?"

काकांनी फोन उपडा करून मांडीवर ठेवला. पहिल्यांदा भावाकडे बघितलं. त्यांची हनुवटी हलत होती, आणि ती थांबवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"आता इचारतोय," ते म्हणाले.